चेहऱ्याची आग आणि घरातली ट्यूब

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत बोलावे असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा मी शिक्षणावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. वीस वर्षे मुलांना शास्त्र शिकविणारा मास्तर दुसरे काय बोलणार! परंतु मी त्यांस कळविले की, मला चेहऱ्याच्या लालीवर आणि खाजेवर बोलावयाचे आहे. ते थोडे चपापले. सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात खाज-खरजेचे काय काम, असे त्यांच्या मनात आले असावे. तुमच्याही मनात आले असेल. तरी मी हट्टाने हाच विषय घेतला, त्याला एक कारण आहे. ते कारण माझ्या घरात घडले आणि त्यात दोष माझा होता. ते मी मध्यावर सांगेन.

प्रथम एक खुलासा. मी डॉक्टर नाही. मी बी. एस्‌सी., बी. एड्. झालेला शिक्षक आहे. त्वचेचा धडा मी दर वर्षी शिकवितो. म्हणून आज मी औषध सांगणार नाही. कातडी कशाने चिडते, कशाने शांत होते आणि आपण आपल्या हातांनी तिचे नुकसान कसे करतो, एवढेच सांगणार आहे.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाहूनही पातळ असतो. तो एखाद्या भिंतीसारखा आहे. मृत पेशी ह्या त्या भिंतीच्या विटा आणि दोन विटांमधील स्निग्ध पदार्थ हा तिचा गिलावा. ही भिंत शाबूत असेल तर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर राहतात. ही भिंत निसर्ग सतत नवी बांधीत असतो; तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडावयास साधारण चार आठवडे लागतात. हा चार आठवड्यांचा हिशेब ध्यानात ठेवा. बिघडलेली कातडी एका रात्रीत सुधारत नाही, कारण गवंडी तेवढ्या वेगाने काम करीत नाही.

भिंतीला भेग पडली की बाहेरचा त्रासदायक पदार्थ आत शिरतो. शरीर त्याला शत्रू समजते आणि तिकडे जास्त रक्त धाडते. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, ती लाली. त्या जागी हिस्टामिनसारखी द्रव्ये सुटतात, ती मज्जातंतूंना चाळवितात, ती खाज. आपण खाजवितो. नखाने भिंत आणखी फुटते, आणखी शत्रू आत येतात आणि आणखी खाज सुटते. हे चक्र एकदा सुरू झाले की मूळ कारण निघून गेले तरी ते आपल्याच गतीने फिरत राहते. म्हणून खाज थांबविणे हा निम्मा उपचार आहे.

येथे एक सूचना. पुस्तकांतील चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. त्यांत लाली गुलाबी दिसते. आपल्या सावळ्या रंगावर तीच लाली तांबूस-तपकिरी, जांभळट, कधी नुसती काळपट दिसते. त्यामुळे ‘लाल कुठे आहे?’ म्हणून आपण दुर्लक्ष करतो. हात लावून पाहावे. ती जागा उष्ण लागते, खरखरीत लागते, आणि मूल सांगते की आग होते. मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा.

चेहरा हा तर सर्वांत नाजूक प्रांत. तेथील कातडी पातळ, तीत रक्तवाहिन्या पुष्कळ, आणि ऊन, वारा, धूर, धूळ ह्यांना ती बारा महिने उघडी. शिवाय चेहऱ्यावर लावलेली वस्तू फार लवकर आत शिरते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, हातावर लावलेले हायड्रोकॉर्टिसोन जितके शोषले जाते, त्याच्या सुमारे ६ पट कपाळावर आणि १३ पट जबड्याच्या भागात शोषले जाते. हे आकडे विसरू नका. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता चेहरा चिडतो कशाने? पहिला गुन्हेगार न्हाणीघरातच असतो, तो म्हणजे साबण. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा पीएच पाचाच्या आसपास असतो. नेहमीच्या वडीचा पीएच नऊ-दहा असतो. दिवसातून चार वेळा खसखसून साबण लावला की विटांमधला गिलावा धुपून जातो. आपल्या बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली कोरडी थंडी, त्यात कढत पाणी आणि वर साबण, एवढे जमले की गाल फुटावयाचेच. आमच्यात नमाजापूर्वी वजू करतात, म्हणजे दिवसातून पाच वेळा तोंड धुतले जाते. त्याने कातडी बिघडते का, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. साध्या पाण्याने सहसा नाही. परंतु धुतल्यावर तोंड खरखरीत टॉवेलाने रगडले, किंवा थंडीत ओले तोंड वाऱ्यावर वाळू दिले, तर कातडी कोरडी पडते. हलक्या हाताने टिपून घ्यावे, एवढाच उपाय.

दुसरा गुन्हेगार स्वयंपाकघरात. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि तिसरी ती टूथपेस्ट! मुरमावर टूथपेस्ट लावून आलेली मुले माझ्या वर्गात मी पाहिली आहेत. लिंबू लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग उमटतात. ‘घरगुती आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ हा समज सोडून द्यावा. मिरचीही घरगुतीच आहे.

तिसरे कारण म्हणजे विशिष्ट वस्तूचे वावडे. ह्यात केसांचा कलप अग्रभागी आहे. त्यात पॅराफेनिलीनडायमीन नावाचे द्रव्य असते. कलप डोक्याला लावावा आणि सूज पापण्यांवर, कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर यावी, असा हा प्रकार आहे. म्हणून कलपाचा संशयच येत नाही. दाढीला मेंदी लावणाऱ्या आमच्या बुजुर्गांनाही माझे सांगणे असते. अस्सल मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा येतो आणि त्याला काही तास लागतात. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते आणि घटकाभरात काळाभोर रंग देते, तीत बहुधा हेच द्रव्य मिसळलेले असते. ह्या वावड्याची एक खोड अशी की, वर्षानुवर्षे न त्रासलेल्या माणसालाही ते एके दिवशी जडते आणि मग जन्मभर सोडत नाही. टिकलीच्या मागच्या डिंकातील एका द्रव्याने काही भगिनींच्या कपाळावर खाज सुटते आणि पुढे तेथे पांढरा डाग पडतो. तसा डाग दिसू लागताच टिकली बंद करावी आणि डॉक्टरांस दाखवावे.

शेतावर, रस्त्याकडेला काम करणाऱ्यांसाठी आणखी एक कारण सांगतो. आपण ज्याला काँग्रेस गवत किंवा गाजर गवत म्हणतो, ते मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याचा चुरा वाऱ्याने उडून चेहऱ्यावर बसतो आणि काहींना भयंकर खाज सुटते. कातडी जाड व काळपट होते. लोक म्हणतात, ‘ऊन बाधले.’ उन्हाचे बाधणे आणि वाऱ्यावरच्या गवताचे बाधणे ह्यांतील फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वरच्या पापण्या, हनुवटीच्या खालची जागा आणि कानामागची जागा सावलीत असते. तेथे ऊन सहसा बाधत नाही. ह्या झाकल्या जागांतही खाज असेल तर वाऱ्याने येणाऱ्या वस्तूचा संशय घ्यावा. नक्की निदान पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या चाचणीने होते. ही चाचणी त्वचारोगतज्ज्ञ करतात.

काही त्रास जन्मतःच सोबत येतात. काही मुलांच्या कातडीची भिंतच जराशी कच्ची असते. अशा इसबाच्या अनेक रुग्णांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, हे २००६ साली सिद्ध झाले. म्हणजे त्या मुलाचे इसब हा आईच्या निष्काळजीपणाचा परिणाम नव्हे. सासूबाईंनी सुनेला बोल लावू नये. डोक्यातला कोंडा भुवयांत आणि नाकाच्या कडांना उतरतो. तेथे खवले आणि लाली दिसते. मध्यम वयात काहींचे गाल आणि नाक वरचेवर तांबडे होते, कढत चहाने, तिखटाने, उन्हाने भडकते. त्याला रोझेशिया म्हणतात. ह्या सर्व विकारांवर उपचार आहेत, पण प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही. आणि नेमके हेच आपण विसरतो.

आता माझ्या घरची गोष्ट.

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या नात्यात एक लग्न होते. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. मैत्रिणींबरोबर तिने कोठे तरी चेहऱ्यास ब्लीच करून घेतले. दुसऱ्या दिवशी गाल तांबडे, बारीक पुरळ, खाज. लग्न चार दिवसांवर आले होते. मी औषधाच्या दुकानात गेलो, काउंटरवरच्या माणसाला सांगितले, आणि त्याने एक ट्यूब पुढे केली. चिठ्ठी त्याने मागितली नाही, मीही दिली नाही. मी शास्त्राचा शिक्षक. परंतु ट्यूबवर काय छापले आहे ते मी वाचले नाही.

दोन दिवसांत चेहरा स्वच्छ झाला. नुसता स्वच्छ नव्हे, उजळलासुद्धा. लग्नात सर्वांनी मुलीचे कौतुक केले. मीही मनात खूश झालो. औषध लागू पडले, असे समजून ती ट्यूब आरशाजवळच्या फळीवर ठेवली गेली. पुढे मुरूम आला की ट्यूब, ऊन लागले की ट्यूब. नंतर कारण लागेनासे झाले. रोज रात्री ट्यूब. संपली की मी नवी आणून देत होतो. ती पी. यू. सी. च्या पहिल्या वर्षाला गेली, तोवर वर्ष उलटले होते. आता ट्यूब एक दिवस चुकली तरी गाल लालभडक होत. उन्हात पाऊल टाकले की आग होई. हनुवटीवर पुरळ आणि गालांवर बारीक लव आली. ती वर्गात ओढणीने तोंड झाकून बसू लागली. एका रात्री ती म्हणाली, ‘‘अब्बा, पाणी लावले तरी जळते.’’ तेव्हा माझे डोळे उघडले.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न केला, ‘‘ट्यूब कोणती लावता?’’ मी खिशातून काढून दिली. त्यांनी त्यावरील बारीक अक्षरे मला वाचावयास लावली. क्लोबेटासोल, एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक, अशी तीन औषधे एकत्र. ‘‘ही कोणी सांगितली?’’ मुलगी खाली पाहू लागली. मी म्हणालो, ‘‘मीच आणली.’’

मंडळी, हे क्लोबेटासोल म्हणजे काय, ते मी नंतर नीट वाचून काढले. तो इतिहास मोठा गौरवाचा आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतील स्राव शोधून काढल्याबद्दल केंडाल, राइखश्टाइन आणि हेंच ह्या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन ह्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपाने त्वचेवर गुणकारी ठरते, असे दाखविले. त्यापूर्वी इसबाच्या रुग्णांच्या हाती फारसे काही नव्हते. ही स्टेरॉइड मलमे म्हणजे त्यांना वरदानच वाटले. पुढे अधिकाधिक जोरकस स्टेरॉइडे निघाली. क्लोबेटासोल हे त्यांतले अत्यंत जहाल, हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कित्येकशे पट जोरकस. ते तळहात-तळपायांच्या जाड कातडीसाठी, हट्टी रोगांसाठी, थोड्या दिवसांकरिता असते. आता मघाचे आकडे आठवा. कपाळ ६ पट शोषते, जबडा १३ पट. अशा जागी मी माझ्या मुलीला ते वर्षभर लावावयास दिले.

स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवून टाकते, म्हणून लाली तत्काळ जाते आणि चेहरा उजळ दिसतो. ते शरीराच्या प्रतिकाराला गप्प बसविते, म्हणून खाज जाते. परंतु कारण कायम असते. हे सुख उसने असते. रोज लावीत गेल्याने कातडीतील धारण करणारे तंतू कमी होतात, कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते. आणि औषध थांबविले की आकसलेल्या रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षाही जास्त रुंदावतात, चेहरा पेटतो. माणसाला वाटते, रोग परत आला, म्हणून तो पुन्हा ट्यूब लावतो. सावकाराचे व्याज भागविण्यासाठी पुन्हा त्याच सावकाराकडून कर्ज काढावे, तसे हे आहे.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी ह्या विकाराला स्वतंत्र नावच दिले आहे, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील निरनिराळ्या केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरने सांगितले नव्हते; दुकानदार, शेजारी, नातेवाईक, मैत्रीण ह्यांनी सांगितले होते. कित्येक जण ते गोरे होण्यासाठीच लावीत होते. गजकर्णाची गोष्टही अशीच. गजकर्ण बुरशीने होते. त्यावर स्टेरॉइड लावले तर खाज थांबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते. चट्टा आपले रूप बदलतो, डॉक्टरसुद्धा फसतात, आणि टॉवेल-कपड्यांतून तो घरभर पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या ‘एच’ अनुसूचीत घातले. कायदा झाला, पण गिऱ्हाइकाने मागावे आणि दुकानदाराने द्यावे, ही रीत कायद्याने एका दिवसात मोडत नाही.

मात्र कोणी असा अर्थ काढू नये की स्टेरॉइड म्हणजे विष. तज्ज्ञ डॉक्टरने इसबाच्या मुलास ठराविक जोराचे मलम ठराविक दिवस सांगितले असेल, तर ते भिऊन बंद करणे हीसुद्धा चूकच. त्या मुलाची रात्रीची झोप त्या मलमावर अवलंबून असते. दोष औषधाचा नाही. कोणते, कोठे, किती आणि किती दिवस, हे न विचारता ते वापरण्याचा आहे.

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. आरशाजवळच्या, फ्रिजमधल्या, कपाटातल्या सर्व ट्यूबा बाहेर काढा आणि चष्मा लावून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथॅसोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथॅसोन, डेक्सामेथॅसोन ह्यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. वेष्टनावर डाव्या बाजूस तांबडी उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही. वांगाच्या डागांसाठी म्हणून जी मलमे मिळतात त्यांतही पुष्कळदा हायड्रोक्विनोनच्या जोडीला स्टेरॉइड असते. आणि ज्या डबीवर घटकद्रव्ये लिहिलेलीच नाहीत, ती ‘पंधरा दिवसांत गोरेपण’ देणारी डबी सरळ केराच्या टोपलीत टाकावी. मात्र जे कित्येक महिने स्टेरॉइड लावीत आले आहेत त्यांनी घाबरून काही करू नये. ते एकदम थांबवावयाचे की हळूहळू, आणि मध्यंतरी कोणते दुसरे औषध घ्यावयाचे, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

आता चेहरा शांत कसा करावा? डॉक्टरीणबाईंनी मुलीला जे नियम घालून दिले, ते साध्या चिडलेल्या कातडीलाही उपयोगी आहेत. पहिला नियम, सर्व लावालाव बंद. फेसपॅक, स्क्रब, ब्लीच, वाफ, सुगंधी क्रीम, लिंबू, सर्व बंद. चिडलेल्या कातडीला बहुधा नवे काही नको असते. तिला सुट्टी हवी असते. दुसरा, तोंड कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावे. दिवसातून फार तर दोन वेळा साबणरहित, सौम्य, बिनवासाचे द्रव्य वापरावे. तिसरा, टिपून घेतल्यावर कातडी किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावावे. फुटलेल्या कोरड्या गालांना रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हातही चालतो. मुरमांच्या चेहऱ्याला मात्र तो सोसत नाही. चौथा, आग होत असेल तर स्वच्छ मऊ कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा मिनिटे ठेवावे. बर्फ थेट लावू नये. पाचवा, उन्हापासून जपावे. ओढणी, छत्री, टोपी ही पहिली साधने. क्रीम लावावयाचे तर झिंक ऑक्साइडचे सहसा सोसते. सहावा, नखे कापावीत. खाज सुटली तर खाजविण्याऐवजी तळहाताने दाबून धरावे किंवा गार कापड ठेवावे. सातवा, कोणतीही नवी वस्तू एका वेळी एकच घ्यावी आणि आधी हाताच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावी. कलपासाठी तर ही परीक्षा ४८ तास आधी करावीच. आणि पूर्वी एकदा कलपाने सूज आली असेल तर परीक्षाही नको, कलपही नको.

काही खुणा मात्र अशा आहेत की, त्या दिसल्यावर घरी बसू नये. ओठ-डोळे झपाट्याने सुजले आणि श्वास लागला, तर तत्काळ रुग्णालय. लालीबरोबर ताप आला, ती जागा दुखू लागली आणि लाली वेगाने पसरली, तर त्याच दिवशी डॉक्टर. चेहऱ्याच्या एकाच बाजूस दुखऱ्या पाणीदार फुटकुळ्या आल्या, विशेषतः डोळ्याजवळ, तर विलंब नको. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली, त्याबरोबर सांधेदुखी, थकवा, केस गळणे, असे असेल तर तो नुसत्या कातडीचा आजार नसेल. आणि तांबूस किंवा फिकट चट्टा, ज्याला खाज नाही, टोचले तर कळत नाही, तो कधीही लपवू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर सरकारी दवाखान्यांत विनामूल्य औषध मिळते आणि वेळेवर घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो. लपविल्याने मात्र हातपाय जातात.

माझी मुलगी बरी झाली. पहिले दोन महिने फार कठीण गेले. चेहरा आधीपेक्षाही पेटला. ट्यूब लावली की एका रात्रीत थांबेल, हे तिला ठाऊक होते, आणि तरी तिने लावली नाही. त्या दिवसांत तिच्या आईने घरातला मोठा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. चेहरा निवावयास २०२४ चा डिसेंबर उजाडला. गालांवर काही बारीक शिरा अजून दिसतात. त्या कदाचित राहतील. ती त्यांना लपवीत नाही. एकदा मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘‘तुम्ही मला बरे वाटावे म्हणूनच आणली होती ना?’’ खरे आहे. पण बरे वाटावे म्हणून आणलेली वस्तू वाचून आणावी, एवढे शिक्षण मी माझ्या पदवीकडून घेतले नव्हते.

आणि आणखी एक विचार मला छळतो. पुरळ गेले तेव्हाच ट्यूब का थांबली नाही? कारण चेहरा उजळला होता आणि आम्हां सर्वांना तो उजळपणा आवडला होता. मुलीच्या सावळ्या रंगाला आम्ही कधी वाईट म्हटले नाही. पण उजळल्यावर जे कौतुक केले, त्यातून तिला काय समजावयाचे ते समजले. आपल्या सर्व समाजांत हा रोग आहे, हिंदूंत आहे, मुसलमानांत आहे, ख्रिस्त्यांत आहे. ह्या रोगावर कोणत्याही दुकानात मलम नाही. त्यावर आपल्याच जिभेला लगाम घालावा लागेल.

अध्यक्षमहाशय, संस्थेने पन्नास वर्षांत गरजू मुलांना वह्या-पुस्तके दिली, शिष्यवृत्त्या दिल्या. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात माझी एक छोटी विनंती आहे. एखाद्या रविवारी ह्याच सभागृहात त्वचारोगतज्ज्ञांना बोलवावे आणि प्रत्येक सभासदाने घरातल्या ट्यूबा पिशवीत घालून आणाव्यात. मुलांना त्यांवरील अक्षरे मोठ्याने वाचावयास लावावीत. फार खर्चाचे काम नाही. त्या दिवशी दाराशी बसून पिशव्या उघडण्याचे आणि नावे नोंदवून घेण्याचे काम मी आनंदाने करीन; आणि पहिली पिशवी माझ्याच घरची असेल.